वाचकांचे प्रश्न: ठासणीची बंदूक आणि काळी दारू

मागच्या अंकात ठासणीच्या बंदुकींवर, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकींवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास राहतो, बरीच वर्षं फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) आणि केपवाल्या (घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणाऱ्या) रायफली रेंजवर चालवतो, शिकारीपेक्षा कागदी टार्गेटवर जास्त जीव आहे माझा. हा भागच मुळात या रायफलीचं माहेर, अठराव्या शतकात जर्मन भाषा बोलणारे कारागीर इथे येऊन वसले आणि त्यांनी लांब नळीची जी रायफल घडवली तिला पुढे लोक केंटकी रायफल म्हणायला लागले, पण घडली ती इथे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (पुणे, कॉलेज विद्यार्थी): काका, सिनेमात सैनिक दोन सेकंदात बंदूक भरतो आणि ठो करून उडवतो. खरंच इतकी पटकन भरते का? आधी काय, नंतर काय, नीट क्रमाने सांगाल का?

उत्तर: सिनेमातलं सोडून दे. जुन्या काळी रोज कवायत केलेला शिपाई साध्या नळीच्या मस्केटमधून मिनिटाला तीन बार काढायचा, पण त्याची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असायची, सैल, म्हणून भरभर आत जायची आणि नेमही बेताचाच असायचा. आम्ही वापरतो ती रायफल, नळीत आतून पीळ घेत गेलेले आटे असतात, गोळी घट्ट बसवावी लागते, त्यामुळे निवांत भरलं तर एका बाराला दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि ती जाऊ द्यावीत.

क्रम असा. सगळ्यात आधी गज आत घालून नळी रिकामी आहे ना ते बघायचं. मग आतलं तेल कोरड्या कापडाने पुसायचं, तेल राहिलं तर दारू भिजते. नळीच्या बुडाशी बाजूला जे बारीक भोक असतं तो कान, तो तारेने मोकळा करायचा. मग दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड आपल्या तोंडापासून लांब. दारू ती ठेवायच्या शिंगातून आधी पितळी मापात ओतायची आणि मापातून नळीत. शिंग थेट नळीला लावायचं नाही म्हणजे नाही, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल तर मापातली चिमूटभर दारू भडकून हात भाजेल, पण शिंग लावलेलं असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. माझ्या पॉइंट ५० कॅलिबरच्या, म्हणजे आतून अर्धा इंच रुंद नळीच्या रायफलीला ७० ग्रेन दारू लागते, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, दाणा थ्री-एफ. दाणा जितका बारीक तितके एफ जास्त.

दारू आत गेली की नळीवर दोन टिचक्या, म्हणजे ती बुडाशी नीट बसते. मग तोंडावर ग्रीस लावलेला सुती कापडाचा तुकडा, त्याला सगळे पॅचच म्हणतात, आणि त्यावर गोळी, शुद्ध मऊ शिशाची. गोळी पॉइंट ४९ ची, नळी पॉइंट ५० ची, उरलेली फट कापड भरून काढतं, आटे कापडाला पकडतात आणि कापड गोळीला फिरवतं, नेम सगळा त्याच्यावर. आखूड दांड्याने गोळी दोन बोटं आत दाबायची आणि मग लांब गजाने खाली न्यायची. इथे लोक चुकतात. गज लांबून धरून जोरात रेटला तर लाकूड तुटून तळहातात घुसतं, म्हणून नळीच्या तोंडाजवळ वीतभरावर धरायचा आणि थोडं थोडं सरकवायचं. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये जागा राहिली तर ती गोळी नळीत अडकलेल्या बुचाचं काम करते, नळी फुगते, कधी फुटते. म्हणून गजावर खूण करून ठेवायची, भरलेली असताना गज कुठवर जातो त्याची, आणि दर वेळी ती खूण नळीच्या तोंडाशी आली का ते बघायचं.

रंजक, म्हणजे ठिणगी झेलून आतला बार पेटवणारी दारू, मात्र फायरिंग लाइनवर गेल्यावरच घालायची, आधी नाही. कानाबाहेरच्या पॅनमध्ये, म्हणजे छोट्या वाटीत, फोर-एफची बारीक दारू, अगदी चिमूट, आणि ती कानावर चढवायची नाही. नवखे पॅन शिगोशीग भरतात, मग कानातली दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार उशिरा होतो. कान मोकळा राहिला तर पॅनमधली नुसती झळ उडी मारून आत जाते आणि चाप ओढणं आणि बार यात फरकच कळत नाही. पॅनचं झाकण म्हणजे फ्रिझन, पोलादाची उभी पट्टी, ती बंद करायची, घोडा पूर्ण मागे, नेम, चाप. गारगोटी पोलादावर घासते आणि ठिणग्या पडतात त्या दगडाच्या नसतात बरं का, दगडाने पोलादाचे बारीक तुकडे खरवडले जातात आणि ते पेटतात. म्हणून गारगोटीला धार हवी, आणि धरायला चामड्याचा तुकडा.

बार झाल्यावरही नजर साइटवरच ठेवायची. डोळ्यासमोर पॅन भडकलं की माणूस दचकतो आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच मान वर करतो, फ्लिंटलॉक शिकताना सगळ्यात जास्त वेळ हे दचकणं घालवण्यातच जातो.

आणि एक गोष्ट जी मी नव्या प्रत्येकाला करायला लावतो. रेंज थांबली, सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्या की पुढे जाऊन आपला उडालेला पॅच शोधायचा, दहा-पंधरा पावलांवर पडलेला असतो. मध्ये काळा गोल आणि कडा नुसत्या उसवलेल्या असतील तर सगळं बरोबर आहे, तोच पॅच परत वापरता येईल इतका धड असतो. गोळीच्या जागी जळून भोक पडलेलं असेल तर ग्रीस कमी आहे किंवा कापड पातळ. गोळीच्या कडेला चिरा असतील तर नळीच्या तोंडाची धार कापतेय. टार्गेट बघून हे कळत नाही, पॅच बघून कळतं. मी गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड वापरतो, दुकानात आधी धुवून बघायला मिळत नाही म्हणून थोडंच घ्यायचं, धुवायचं आणि मग ठरवायचं.

प्रश्न (ठाणे): हल्लीची बिनधुराची पावडर घातली तर काय होईल? थोडीच घातली तर?

उत्तर: थोडीसुद्धा नाही. काळी दारू जळताना जेवढा दाब देते तेवढा सोसायला या नळ्या घडवलेल्या असतात, बिनधुराची पावडर त्याच मापात कितीतरी पट दाब देते आणि नळी मधोमध फाटते, डावा हात नेमका तिथेच असतो. दरवर्षी कुठे ना कुठे कोणीतरी हे करतंच, बहुतेकदा डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात म्हणून. माझ्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो.

पायरोडेक्ससारखी बदली पावडर १९७६ पासून मिळते, केपवाल्या बंदुकीत चांगली चालते, पण ती पेटायला जास्त उष्णता लागते, फ्लिंटलॉकच्या पॅनमधल्या झळीला दाद देत नाही. माझं मत विचाराल तर खरी काळी दारूच वापरावी. मिळणं मात्र कधी कधी अवघड होतं, २०२१ मध्ये लुइझियानातला काळी दारू बनवणारा गोएक्सचा कारखाना बंद होणार अशी बातमी आली आणि दुकानातले डबे गायब झाले, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो घेतला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

प्रश्न (डोंबिवली): माझा मुलगा ओहायोत शिकतो, तिथल्या क्लबात मित्रांबरोबर हे शिकायला लागलाय. मला रात्री झोप लागत नाही. खरं सांगा, किती धोक्याचं आहे?

उत्तर: ताई, तुमची काळजी मी समजू शकतो, माझ्या आईलाही बरीच वर्षं पटलं नव्हतं. धोका आहेच, दारू ती दारू, पण क्लबातल्या रेंजवर रेंज ऑफिसर असतो, त्याच्या हुकमाशिवाय कोणी बंदुकीला हात लावत नाही, आणि या बंदुकीतून एका वेळी एकच गोळी सुटते, पुढची भरायला पुन्हा सगळा क्रम करावा लागतो. मी जे अपघात बघितले किंवा ऐकले ते जवळजवळ सगळे क्रम मोडल्याचे, बोलता बोलता भरत होता, दारूजवळ सिगरेट होती, नळी पुढे रोखलेली न ठेवता वळला. मुलाला ओरडू नका, फोनवर एवढंच विचारा: भरताना कोणाशी बोलतोस का? डोळ्याला चष्मा आणि कानाला प्लग लावतोस का? शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुतोस का? शेवटचा प्रश्न फार जणांना सुचत नाही, पण शिसं पोटात जाणं हा हळूहळू भिनणारा धोका आहे. तिन्हीची उत्तरं त्याने न अडखळता दिली तर तो चांगल्या हाताखाली शिकतोय असं समजा.

प्रश्न (कुडाळ, सिंधुदुर्ग): आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. आजोबा जाऊन वर्षं झाली, बंदूक माळ्यावरच आहे. वडील म्हणतात आता ती नुसती नळी आहे, त्यात काय राहिलंय. भरलेली आहे की नाही कसं ओळखायचं?

उत्तर: हा प्रश्न वाचून मी लगेच उत्तर पाठवलं होतं, इथे सगळ्यांसाठी परत लिहितो, कारण कोकणात आणि गोव्यात अशी घरं बरीच असतील.

पहिलं म्हणजे ती नुसती नळी आहे असं कोणीही धरून चालू नका. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं खराब होत नाही. डुकरं राखायला रात्री भरून ठेवलेली, सकाळी उडवायची राहिलेली बंदूक तशीच माळ्यावर जाते आणि दोन पिढ्यांनी पोरं खेळायला घेतात. भरलेली बंदूक बाहेरून वेगळी दिसत नाही, हीच ठासणीच्या बंदुकीची अडचण. आमच्या पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला १८६३ मध्ये मोठी लढाई झाली, नंतर रणांगणावरून २७ हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या, निम्म्यांत दोन दोन बार एकावर एक ठासलेले, आणि एकीत तर २३ बार निघाले. गोंधळात शिपायाला आपला बार उडालाच नाही हे कळलं नव्हतं आणि तो वरून ठासत राहिला. कवायत केलेल्या माणसांचं हे, मग घरच्या बंदुकीत काय असेल ते कोणी सांगावं.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे, लाकडी काठी नळीत अडेपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघायची की टोक कानापर्यंत पोचतं का. तीन-चार बोटं कमी पोचलं तर आत काहीतरी आहे. पण हे तुम्ही करू नका. तुम्ही ती माळ्यावरून काढूही नका. परवानाधारक वारल्यावर बंदूक पोलीस स्टेशनात किंवा परवाना असलेल्या डीलरकडे जमा करावी लागते, उशीर झाला असेल तर अजून उशीर नको. पोलीस स्टेशनात जाऊन आजोबांचा परवाना, मृत्यूचा दाखला दाखवा आणि बंदूक भरलेली असू शकते हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते जाणकार माणूस पाठवतील. बंदूक घरात राहावी असं वाटत असेल तर वारसाला स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो, ते नंतर. केप लावून उडवून बघू, असं घरात कोणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. नळी आतून गंजलेली असते, ती बार सोसेलच असं नाही.

प्रश्न (नागपूर): १८५७ च्या काडतुसांबद्दल शाळेत शिकलो, गाईची आणि डुकराची चरबी, दातांनी तोडायचं वगैरे. पण बंदूक ठासणीची तर काडतूस कसलं? आणि चरबी हवीच कशाला होती?

उत्तर: फार चांगला प्रश्न, पुस्तकात हे कोणी उलगडून सांगत नाही. ती बंदूक म्हणजे एन्फिल्ड, १८५३ चं मॉडेल, पॉइंट ५७७ कॅलिबर, नळीच ३९ इंच. इथे अमेरिकेच्या यादवी युद्धातही दोन्ही बाजूंनी ती खूप वापरली, त्यामुळे व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ यादवी युद्धाच्या बंदुकांच्या ज्या स्पर्धा होतात तिथे ती आजही धडाधड वाजते, आणि मीही चालवली आहे.

त्या काळचं काडतूस पितळी नव्हे, कागदाची सुरळी. एका बाजूला मोजलेली दारू, अडीच ड्रॅम, साधारण ४.४ ग्रॅम, आणि दुसऱ्या बाजूला कागदातच गुंडाळलेली लांबट गोळी, ३४ ग्रॅमची. गोळीकडचं टोक बाहेरून चरबी आणि मेणात बुडवलेलं. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करायची, गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवायची, वर राहिलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. म्हणजे तो चरबीचा कागद गोळीभोवती आत जायचा, आमच्या पॅचचंच काम करायचा.

चरबी हवी कशाला, तर काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी म्हणून उरतो, वायू होत नाही. तीन-चार बारांत नळीत कडक काळा थर बसतो आणि पुढची गोळी उतरेना होते. ग्रीस तो थर मऊ ठेवतं. एन्फिल्ड घेऊन बिनग्रीसच्या गोळ्या मारून बघा, थोड्याच वेळात गजाला दोन्ही हात लावावे लागतात. बंदुकीची गरज खरी होती, आणि शिपायांचा संतापही शंभर टक्के खरा होता, कारण चरबी कसली हे त्यांना कोणी विश्वासात घेऊन सांगितलं नाही आणि ती तोंडाला लावायची होती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली, मग ग्रीस शिपायांनी स्वतःच आपल्या पसंतीचं लावावं अशी परवानगी दिली, दाताऐवजी हाताने फाडायची कवायतही बदलली, पण विश्वास गेला तो गेला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, एप्रिलमध्ये मेरठला ८५ घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि १० मे ला उठाव. हळहळ वाटते ती याची की चरबीशिवायही चालतं. मी मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल मिसळून वापरतो, नळी छान मऊ राहते.

प्रश्न (ह्यूस्टन): नवीन केपवाली रायफल घेतली, पहिल्याच दिवशी केप फुटला पण बार झालाच नाही. मित्र म्हणाला लगेच उलटी करून बघ. काय करायला हवं होतं?

उत्तर: उलटी तर अजिबात नाही! नळी टार्गेटकडेच रोखून उभं राहायचं, निदान एक मिनिट, घड्याळ बघून. आत दारू धुमसत असेल तर बार उशिरा होतो आणि तेव्हा नळी कुठे असेल ते महत्त्वाचं. मिनिटानंतर दुसरा केप लावून बघा. तरी नाही तर निपल, म्हणजे केप बसवायची पोकळ खुंटी, तारेने साफ करा, पुन्हा केप. तरीही नाही तर रेंज ऑफिसरला बोलवा, निपल काढून त्याखाली थोडी दारू सारून बार काढता येतो. दारू घालायलाच विसरून नुसती गोळी ठासली असेल तरी हाच उपाय, हे सगळ्यांचं कधी ना कधी होतं म्हणून प्रत्येक क्लबात गोळी ओढून काढायचा स्क्रू ठेवलेला असतो.

नव्या बंदुकीत बहुतेक वेळा कारण एकच, फॅक्टरीचं तेल. भरायच्या आधी रिकाम्या नळीवर दोन-तीन केप फोडा, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा, पातं हललं म्हणजे वाट मोकळी आहे.

प्रश्न (कोल्हापूर): मराठ्यांची तोड्याची बंदूक आणि तुमची फ्लिंटलॉक यात चांगली कुठली? पावसात दोन्ही निकामी ना?

उत्तर: तोड्याची, म्हणजे जळत्या दोरीने पेटवायची बंदूक मी मित्राच्या रेप्लिकावर चालवली आहे, आणि खरं सांगतो, नेमाला ती मला जास्त आवडली. गारगोटीचा घोडा जोरात आपटतो आणि बंदूक किंचित हलते, तोडा मात्र अलगद रंजकीत उतरतो. जीव मुठीत घ्यावा लागतो तो भरताना, सोऱ्यात भिजवलेली जळती दोरी एका हातात आणि दारू दुसऱ्या, म्हणून भरण्याआधी तोडा चिमट्यातून काढून लांब धरायचा असतो. आपल्याकडे ती इतकी वर्षं टिकली त्याचं कारण मागासपणा असं कोणी लिहिलं की मला राग येतो. गावचा लोहार ती घडवू आणि दुरुस्त करू शकायचा, कडक स्प्रिंग नको, चांगल्या गारगोटीसाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. फ्लिंटलॉकही आपल्याकडे होत्याच, पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींकडे होत्या.

पावसाचं म्हणाल तर दोन्हींचे हाल. प्लासीला १७५७ च्या जूनमध्ये सर आली, इंग्रजांनी दारूवर ताडपत्र्या टाकल्या, नवाबाची दारू भिजली. फ्लिंटलॉकवर आम्ही मेण चोपडलेलं चामड्याचं टोपरं बांधतो आणि रंजक दर थोड्या वेळाने बदलतो, कारण नुसत्या दमट हवेतसुद्धा पॅनमधली दारू चिखल होते. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळनंतर हरणाच्या शिकारीचा खास फ्लिंटलॉक सीझन असतो, केपवाली चालत नाही, बर्फ, गारवा, धुकं सगळं असतं आणि लोक हौसेने जातात.

प्रश्न (नाशिक): काळी दारू घरी बनवता येते का? तीनच वस्तू लागतात ना?

उत्तर: नाही, आणि मी सांगणारही नाही. भारतात तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी यात बोटं आणि डोळे गेलेली माणसं आहेत. विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीकाठी ड्यूपाँ कंपनीची १८०२ ची दारू गिरणी आता म्युझियम आहे, हॅगली नावाचं, मुद्दाम बघून या. प्रत्येक खोलीच्या तीन भिंती जाडजूड दगडी आणि नदीकडची बाजू कमकुवत, छप्परही हलकं, स्फोट झालाच तर तो नदीकडे जावा म्हणून. घडवतानाच धरून चाललेले की स्फोट होणार. तिथे दोनशेवर माणसं गेली, आणि ती सगळी रोज तेच काम करणारी होती.

आपल्या लोकांना तिथे आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. दारूत तीन चतुर्थांश सोरा असतो आणि एकोणिसाव्या शतकात जगातला उत्तम सोरा यायचा बिहारमधून. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर लिंकनच्या सरकारने याच घराण्यातल्या लामोत ड्यूपाँला गुपचूप लंडनला पाठवलं, मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घ्यायला. इंग्रजांनी तो मध्येच अडवला, दोन्ही देशांत युद्ध पेटतं की काय अशी वेळ आली होती, ते निवळल्यावर सोडला.

प्रश्न (न्यू जर्सी): मी एच-वन-बी वर आहे. ऐकलंय की ठासणीची बंदूक कायद्याने बंदूकच नाही, मग घेऊ का?

उत्तर: अर्धं खरं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९६८ च्या कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकीला अँटिक धरून बंदुकीच्या व्याख्येतून वगळलंय, नवी रेप्लिका असली तरी. पण राज्यांचे कायदे वेगळे, आणि तुमचं राज्य यात कडक आहे, शिवाय नळी बदलून काडतूस चालणारी मॉडेल्स या सवलतीत येत नाहीत. व्हिसा हातचा जाईल अशी गोष्ट दुकानदाराच्या शब्दावर करू नका, वकिलाला विचारा. तोवर क्लबात जाऊन बघा, शिका. आणि भारतात येताना दारू किंवा केप सामानात अजिबात नको, विमानात दोन्हीला बंदी आहे, केबिनमध्येही आणि चेक-इनमध्येही.

प्रश्न (सॅन होजे): साफसफाईचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी केली तर चालेल का?

उत्तर: नाही चालत. काजळीत राहिलेले क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीत नळीला तांबूस गंज चढतो, तुमच्याकडच्या कोरड्या हवेतसुद्धा. आणि महागडी सोल्यूशन्स नकोत, साधं कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. लोक उकळतं पाणी घालतात, नळी गरम होऊन लगेच सुकते आणि बघता बघता वर गंजाचा पातळ थर येतो, म्हणून मी कोमटच वापरतो. नळी निघणारी असेल तर बुड बादलीत, वरून गजाला ओलं कापड लावून वर-खाली, पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं, पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत करायचं, मग कोरडी कापडं, एक, अजून एक, शेवटचं पांढरंच बाहेर आलं पाहिजे, मग तेल. आणि तिसऱ्या दिवशी परत एक तेलाचं कापड फिरवून बघायचं. लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा, तीही काढून पुसा, फ्लिंटलॉकमध्ये काजळी आत शिरते.

प्रश्न (इंडियानापोलिस): हे सगळं प्रत्यक्ष बघायला कुठे जाऊ?

उत्तर: तुमच्याच राज्यात! फ्रेंडशिप नावाचं छोटं गाव आहे, दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची, तिची रेंज तिथेच आहे. जून आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धा असतात, बघायला कोणीही जाऊ शकतं, म्हाताऱ्या कारागिरांशी गप्पा मारा, विचारलं की ते हातातलं काम सोडून दाखवतात. तंबूत राहणारे, हाताने शिवलेले कपडे घालणारे लोकही भेटतील. मुलांना न्या, फक्त सगळ्यांसाठी कानाचे प्लग आणि डोळ्यांचे चष्मे घरूनच घेऊन जा.